कांडीचे दात आणि दोऱ्यांचं घर: प्रकल्प नोंदी

मांजरीच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंतच्या या नोंदी. मध्येच एक आजारपण आलं, त्यामुळे निम्म्याहून जास्त जागा त्यानेच खाल्ली. घर सोलापुरात, पूर्व भागात. खाली टॉवेलचे चार माग, वर आम्ही राहतो. आई वरच्या खोलीत टॉवेलच्या कडा शिवते. शेजारच्या अक्का विड्या वळतात आणि दुपारी पानं-तंबाखूचं सूप घेऊन आमच्याच ओट्यावर बसतात. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून आधीच देऊन ठेवतो.

पिल्लू मादी. नोव्हेंबरच्या शेवटी कांड्यांच्या (सूत गुंडाळलेल्या नळ्यांच्या) पोत्यात सापडली, म्हणून नाव कांडी. तेव्हा दुधाचे सगळे दात आलेले होते, त्यावरून डॉक्टरांनी वय आठ आठवड्यांच्या आसपास धरलं. जंताचं औषध आणि लसीचा पहिला डोस डिसेंबरात झाला. दुसरा डोस गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गडबडीत लांबला.

११ जानेवारी

वजन १ किलो ३८० ग्रॅम. सुताचा इलेक्ट्रॉनिक काटा कामाला आला: कांडीला टोपलीत बसवायचं, मग टोपलीचं वजन वजा करायचं. सकाळी, खाण्याच्या आधी. घरात स्वयंपाकाचा काटा असेल तर तोही चालेल. या वयात वजन आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढायला हवं. नुसतं बघून ते कळत नाही, कारण केसांखाली पोट आणि फासळ्या दोन्ही लपतात.

वरच्या समोरच्या दातांपैकी दोन गायब. एक गादीवर मिळाला, तांदळाच्या कणीएवढा. बाकीचे बहुतेक गिळले जातात, त्याने काही बिघडत नाही. दुधाचे दात २६, पक्के ३०. समोरचे बारीक दात साडेतीन-चार महिन्यांत बदलतात, सुळे पाचव्या महिन्याच्या आसपास, दाढा शेवटी. सहा-सात महिन्यांत प्रकरण संपतं.

सध्या चावायच्या गोष्टी: चार्जरची वायर, चपलेचा पट्टा, झाडूच्या काड्या, दादांच्या पायाचा अंगठा.

१३ जानेवारी

मागाच्या खोलीला जाळीचं दार हवंच होतं. धावता धोटा आणि फिरता पट्टा, त्यात चावायची खाज सुटलेलं पिल्लू, हे एकत्र नको. आधी स्वस्तातला उपाय केला: डासांची नायलॉन जाळी, कडेला चिकटपट्टी. २८० रुपये. एका रात्रीत खालचा कोपरा चावून तिने डोकं जाईल एवढं भोक पाडलं. जाळीचे तंतू तोंडात गेले असतील का, याच विचारात सकाळ गेली.

मग सुताराकडून लाकडी चौकट आणि अर्ध्या इंचाची वेल्डेड तारेची जाळी. मजुरीसकट १,६५०. दोन दिवस दार उघडंच राहत होतं, कारण कारागीर हातात बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) घेऊन येतो तेव्हा त्याने दार कुठल्या हाताने लावायचं? ९० रुपयांची स्प्रिंगची बिजागरी लावली, प्रश्न मिटला. तारेची जाळी आणि बिजागरी पहिल्या दिवशीच घेतली असती तर २८० वाचले असते.

१७ जानेवारी

चावायला काय द्यावं याचे प्रयोग.

गार गाजर: वास घेतला आणि पंजाने पलंगाखाली ढकललं. लहान बाळांची रबरी रिंग: आवडली, पण मऊ निघाली. कडेचा तुकडा निघायला लागल्यावर फेकली. ओला टॉवेल गुंडाळून फ्रीजरमध्ये घट्ट केलेला: फारच आवडला, पण आमचा टॉवेल म्हणजे फंद्यांचा, अंगभर सुताचे बारीक फासे. नखात फंदा अडकला की दोरा ओढला जातो, तो दातात जातो. हे लगेच बंद केलं. ज्यांच्या घरी टर्किश टॉवेल आहेत त्यांनी हा उपाय कुठेही वाचला तरी करू नये.

शेवटी टिकलं ते दोन: पाळीव प्राण्यांच्या दुकानातली जाड, टणक रबरी रिंग (१८० रुपये, फ्रीजमध्ये ठेवून द्यायची, फ्रीजरमध्ये नाही) आणि जाड पुठ्ठ्याचा खोका. पुठ्ठा फाडते, थुंकते, पुन्हा फाडते. कचरा होतो, पण फुकट आहे.

गड्ड्यातल्या दारूकामाच्या (फटाक्यांच्या) रात्री कपाटामागे जाऊन बसली ती सकाळी बाहेर आली. त्याचा दातांशी संबंध नाही, फक्त त्या दिवशीचं कमी खाणं वजनाच्या वहीत दिसतं म्हणून लिहिलं.

२२ जानेवारी

वजन १ किलो ५२० ग्रॅम. हिरडी समोर लालसर, तोंडाला किंचित वास. कोरडे दाणे तोंडात घेऊन टाकून देते. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिले की खाते. दूध देणं बंदच ठेवलंय. आईला ते पटत नाही, पण दूध दिलं की दुसऱ्या दिवशी वाळूच्या ट्रेमध्ये उत्तर मिळतं.

२८ जानेवारी

संध्याकाळपासून लाळ. हनुवटीखालचे केस ओले. पंजाने सारखं तोंड पुसतेय. भिजवलेल्या दाण्यांपाशी जाते, वास घेते, जीभ लावते आणि मागे सरते. भूक आहे, पण खाता येत नाही, असं दिसतं.

घरात सगळ्यांचं एकमत: दात. ते चुकीचंही नव्हतं, खालचा एक दात त्याच दिवशी पडलेला दिसत होता. अक्का म्हणाल्या, "दात यायलेत की ओ तिचे. लवंगाचं तेल लावा, बसतंय." दादांनी पुतण्याचं तापाचं औषध काढलं, "दोन थेंब दे, दुखणं थांबेल."

दोन्ही दिलं नाही. तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ते निचरायला लागणारी यंत्रणा जवळजवळ नसतेच. रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, एवढ्याशा पिल्लाला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते. आयबुप्रोफेनही मांजराला विषारी. लवंगाच्या तेलातला युजेनॉल मांजराला पचत नाही. बाळाच्या हिरडीला लावायची जेलही नको, त्यात बधिर करणारं बेंझोकेन किंवा सॅलिसिलेट असतं आणि मांजराला दोन्ही विषारी. दादा थोडे रागावले. बाटली मात्र परत कपाटात गेली.

तोंड उघडून बॅटरी मारली. समोरच्या हिरड्या लाल, एका जागी रक्ताचा ठिपका. दात आणि हिरड्या बघितल्या, तोंड मिटवलं.

२९ जानेवारी

सकाळी वजन १ किलो ५१० ग्रॅम. रात्रभर काही खाल्लं नाही.

सकाळी अकराला उलटी, पांढरा फेस. दुपारी दुसरी, पिवळी. संध्याकाळी सिरिंजने थोडं पाणी दिलं, गालाच्या बाजूने, हळू. वीस मिनिटांत तेही बाहेर. त्यानंतर पाणी देणं थांबवलं.

ताप मोजला. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, गुदद्वारातून. आईने टॉवेलात गुंडाळून धरली. १०२ फॅरनहाइट. मांजराचं साधारण १००.५ ते १०२.५ असतं, म्हणजे ताप नाही. ताप नाही म्हटल्यावर घरात सगळे सैल झाले, आणि तिथेच वेळ गेला. जवळच्या एका दवाखान्यात फोन केला. ज्याने उचलला त्याने वय विचारलं, "दाताचंच असेल, दोन दिवस बघा" म्हणाला आणि ठेवला. ऐकायला बरं वाटलं.

रात्री ती शिवणयंत्राच्या खाली, पायडलच्या मागे जाऊन बसली. कुबड काढून, चारही पाय पोटाखाली. हात लावला की पोट आवळते. हे दाताचं दिसत नव्हतं. दाताने लाळ गळेल, खाणं कमी होईल, चिडचिड होईल. उलट्या होत नाहीत, पोट दुखत नाही. आणि एवढं लहान पिल्लू एक दिवस उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, मोठ्या मांजरासारखा साठा त्याच्याकडे नसतो. सकाळी पहिल्या वेळेला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं.

३० जानेवारी, सकाळ

वजन १ किलो ४२० ग्रॅम. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू बसते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय.

जुळे सोलापूरच्या बाजूला दवाखाना. रिक्षा जाऊन-येऊन, थांबण्यासकट ३२० रुपये. कांडी भाजीच्या झाकणाच्या टोपलीत, वर दोरीने बांधलेली. (ती दोरीसुद्धा आता टोपलीला नाही. सांगतो पुढे.)

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. पहिला प्रश्न लसीचा. एकच डोस झालाय म्हटल्यावर पॅनल्युकोपेनियाची शंका आधी काढली. हा मांजरांचा पार्वो, उलट्या-जुलाब आणि पिल्लं पटकन जातात. विष्ठेच्या नमुन्यावर किटची चाचणी: नाही. मग तोंडातले फोड बघितले, कारण कॅलिसी विषाणूनेही लाळ गळते आणि खाणं सुटतं. फोड नाहीत.

दुसरा प्रश्न, "घरात शिवणकाम वगैरे आहे का?"

म्हटलं, "खाली चार माग आहेत, वर शिवणयंत्र आहे, शेजारी विड्या वळतात."

डॉक्टर काही बोलले नाहीत. सहाय्यकाला तिचं डोकं वर धरायला सांगितलं, एका बोटाने खालचा जबडा उघडला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा जबड्याखालच्या मऊ जागेत बाहेरून वर दाबला. जीभ आपोआप उचलली गेली. जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूने, एक पांढरा दोरा आडवा. त्याने मधली नाजूक पडदी कापत आत जागा केली होती. दोन्ही टोकं घशात गेलेली.

परवा बॅटरी मारली तेव्हाही तो बहुधा तिथेच असणार. समोरून बघितलं तर दात दिसतात, जीभ त्यावर झाकण ठेवून बसलेली असते.

३० जानेवारी, दुपार

हे नीट लिहितो, कारण बघताक्षणी ओढावंसं वाटतं.

दोरा ओढायचा नाही. एक भाग जिभेला अडकलेला, बाकीचा पोटातून आतड्यात उतरलेला. आतडं तो पुढे ढकलायला बघतं, पण वरची गाठ सुटत नाही, त्यामुळे आतडंच त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं. ओढलं की दोरा आतड्याची भिंत आतून कापतो. मग पोटात संसर्ग. दादांनी फोनवर विचारलं, तूप किंवा एरंडेल दिलं तर निघणार नाही का? डॉक्टरांनी जोरात नाही म्हटलं. आतडं जितकं जोराने पुढे ढकलेल तितका दोरा जास्त कापेल.

एक्स-रे दोन बाजूंनी. त्यात दोरा दिसत नाही. दिसतं ते आतडं: एका बाजूला गोळा झालंय का, आतल्या हवेचे बुडबुडे स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात का. आमच्याकडे किंचित गोळा, पण ठळक चुण्या नव्हत्या. हाताला पोट दुखरं, पण कडक नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, लगेच पोट उघडणं. दुसरी, हलकी भूल देऊन जिभेखालचा फास कापणं, सलाईनवर ठेवणं आणि दोरा पुढे सरकतो का बघणं, पण ताप आला, उलट्या चालू राहिल्या किंवा पोट जास्त दुखलं तर तासाभरात टेबलावर घेणं. दोरा जाऊन दोनच दिवस झाले असावेत आणि पोटात संसर्गाची खूण नाही, म्हणून दुसरी वाट धरता येईल, असं ते म्हणाले. आणखी दोन दिवस घरी "दात आहेत" म्हणत बसलो असतो तर ही निवड उरली नसती, हेही म्हणाले. ऑपरेशन झालं तर १२ ते १५ हजार, असा अंदाज दिला.

आईचा जीव त्या १५ हजारांत अडकला होता आणि पिल्लातही. तिने दुसरी वाट म्हटली. मीही.

फास कापला. रात्री दवाखान्यात ठेवून घेतली.

खर्च: तपासणी ३००, किट ९००, एक्स-रे १,०००, भूल आणि दोरा कापणं ९००, सलाईन आणि इंजेक्शनं ६५०. एकूण ३,७५०.

३१ जानेवारी

उलटी नाही. ताप नाही. हिरड्यांचा रंग फिका गुलाबी. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा, तो येतोय. ही चाचणी घरी कुणालाही करता येते. एक्स-रे पुन्हा (५००), आतडं कालच्यापेक्षा मोकळं. सलाईन, औषधं ४५०. दुपारनंतर दोन चमचे पातळ खाणं दिलं, ते टिकलं.

मी भेटायला गेलो तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती. ओळख दाखवली नाही.

१ फेब्रुवारी

दुपारी विष्ठेसोबत दोऱ्याचा तुकडा आला, पण अर्धाच. बाकीचा गुदद्वारातून लोंबत होता. तोही ओढायचा नाही, तोच नियम. सहाय्यकाने बाहेर लोंबणारा भाग कात्रीने आखूड केला आणि सोडून दिला. संध्याकाळी उरलेला आला. आजचे ४५० धरून दवाखान्याचं एकूण ५,१५०.

डॉक्टरांनी दोरा धुऊन कागदावर ठेवून दाखवला. वीतभरापेक्षा थोडा जास्त. माझी खात्री होती की मागाचं सूत असणार. जाळीच्या दारातून कुणाच्या तरी चपलेला चिकटून आलं असेल. आईचा संशय अक्कांच्या विडीच्या दोऱ्यावर होता, मनातल्या मनात. दादा म्हणत होते पतंगाचा मांजा, गच्चीवर संक्रांतीपासून पडलाय. तिघंही चुकलो. मागाचं सूत सुती असतं, ओढलं की तुटतं. हा गुळगुळीत, न तुटणारा, पॉलिस्टरचा. टॉवेलच्या कडा शिवायचा, आईच्या यंत्रावरचा.

जाळीचं दार, स्प्रिंग, १,६५० रुपये, सगळं खालच्या मजल्यावर. आणि दोरा वर, ती झोपते त्या खोलीत. आई दोरा दातांनी तोडते आणि तुकडा यंत्राच्या बाजूला टाकते, चाळीस वर्षांची सवय. त्या तुकड्यांत हिरड्या खाजणारं पिल्लू.

मांजराची जीभ खरखरीत असते आणि तिच्यावरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला थुंकता येत नाही, आत आतच जातो. कुत्र्याच्या पिल्लापेक्षा मांजराच्या पिल्लाला दोऱ्याचा धोका जास्त, त्याचं एक कारण हेच. आणि दोऱ्यात सुई ओवलेली असती तर? आईने हा प्रश्न विचारला आणि स्वतःच उठून सगळ्या सुया डब्यात घातल्या.

३ फेब्रुवारी

घरी. वजन १ किलो ३९० ग्रॅम. तीन आठवड्यांपूर्वी होतं तिथे परत.

जिभेखालची जखम भरेपर्यंत फक्त मऊ खाणं, दिवसात पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी थोडंसं. उकडलेलं चिकन बारीक करून त्याच पाण्यात पातळ केलेलं. आईने पहिल्या खेपेला सवयीने पातेल्यात कांदा टाकला. तो सगळा रस्सा दादांच्या जेवणात गेला. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, मांजराच्या रक्तातल्या पेशी फोडतो. मीठ-हळदसुद्धा नको. थोडं कोमट करून दिलं की वास येतो आणि ती येते. फ्रीजमधलं गार दिलं तर तोंड लावत नाही.

प्रतिजैविकाचे थेंब सकाळ-संध्याकाळ. दोघं लागतात. टॉवेलात गुंडाळायची (आता कडा दुमडलेला जुना सुती पंचा), सिरिंज गालाच्या आतून, थेट घशावर नाही. पहिल्या दिवशी अर्धं औषध माझ्या शर्टावर.

६ फेब्रुवारी

घरातल्या दोऱ्यांची झाडाझडती. जमिनीवर पोटावर झोपून, बॅटरी घेऊन, तिच्या उंचीवरून. उभ्याने काही दिसत नाही.

मिळालेलं: यंत्राखाली मूठभर पॉलिस्टरचे तुकडे. पलंगाखाली चादरीच्या दशांमधून सुटलेल्या गाठी. ओट्याच्या फटीत विडीचा दोरा, आणि तंबाखूचा चुरा, जो तिच्यासाठी वेगळं विष आहे. गच्चीवर मांजा, दादांचं तेवढं खरं निघालं. देवघरात वाती वळायचा कापूस. मिठाईच्या खोक्याची जरीची दोरी. माझ्या जुन्या हेडफोनची वायर, चावलेली.

कोरड्या झाडूने तुकडे निघत नाहीत, उडून कोपऱ्यात बसतात. ओल्या फडक्याने पुसले की चिकटून येतात. रोज काम संपल्यावर आई आता ओलं फडकं मारते. यंत्राला खिळ्यावर झाकणाचा छोटा डबा अडकवला, तोडलेला तुकडा थेट त्यात. पहिला डबा उघडा होता, तो कांडीने एका दुपारीत ओतला. झाकणाला बोटभर भोक असलेला दुसरा डबा चालला. दोरा तोडायला दातांऐवजी कात्री, हे मात्र अजून जमत नाहीये. आई तोडते दातांनीच, पण डब्यात टाकते.

अक्कांना सांगायचं कसं हा मोठा प्रश्न होता. विडी त्यांचं पोट. पण त्यांनीच ऐकल्यावर सूप उचललं आणि ओट्याच्या पलीकडच्या, जाळी असलेल्या बाजूला बसायला लागल्या. "आधी सांगायचं ना बे," एवढंच म्हणाल्या. हजार विड्या पूर्ण करायच्या घाईत खाली पडलेला दोराही आता उचलतात.

१३ फेब्रुवारी

वजन १ किलो ६१० ग्रॅम. जिभेखाली फिकट पांढरी रेघ उरलीय. लसीचा दुसरा डोस आज. आजारपणात लस देत नाहीत, म्हणून थांबावं लागलं. दवाखान्यात सहाय्यकाकडून जीभ बघायची पद्धत पुन्हा शिकून घेतली. दर रविवारी करतो. तिला आवडत नाही. मग चिकनचा तुकडा देतो, तेवढ्यावर सौदा.

२७ फेब्रुवारी

पुन्हा लाळ. पुन्हा खाणं कमी. पोटात गोळा आला (माझ्या).

या वेळी क्रम लावून बघितलं: आधी जीभ वर करून. मोकळी. हिरडीचा रंग ठीक. ताप १०१.६. पोट मऊ, दाबलं तरी आवळत नाही. उलटी नाही. खेळतेय. वरच्या डाव्या बाजूला दुधाचा सुळा हलतोय आणि त्याच्या शेजारी पक्क्याचं टोक. म्हणजे या वेळी खरंच दात. गार रिंग दिली, दाणे भिजवले. दुसऱ्या दिवशी सुळा पडलेला आणि ताटली रिकामी.

१८ मार्च

वजन २ किलो ४० ग्रॅम. लसीचा तिसरा डोस आणि रेबीजची लस झाली. ऊन चढलंय. दुपारी मागाच्या खोलीपेक्षा वरची खोली जास्त तापते आणि पत्र्याखाली तर थांबवत नाही. कांडी मोरीच्या फरशीवर पसरते. पाण्याची भांडी तीन ठेवली, नळ रोज येत नसल्याने पिंपातलं पाणी. मऊ खाणं अर्ध्या तासात संपवलं नाही तर उचलतो, या उन्हात लगेच आंबतं.

रिंगची गोडी संपली. आता फक्त पुठ्ठा.

५ एप्रिल

वय सहा महिन्यांच्या थोडं पुढे. दाढा आल्या. एक गोष्ट राहिली: वरचा उजवा दुधाचा सुळा पडलाच नाही, पक्का त्याच्या पुढे उगवला. एका जागी दोन सुळे, मध्ये अन्न अडकतं, हिरडी लाल. डॉक्टर म्हणाले, आता तो आपणहून पडण्याची शक्यता कमी. तसाच ठेवला तर पक्का दात वाकडा होतो आणि हिरडी सडते. घरी हलवून काढायचा प्रयत्न करायचा नाही, मूळ लांब आणि नाजूक असतं, आत तुटतं.

तिची नसबंदी करायचीच आहे, त्याच भुलीत सुळाही काढणार. दोन वेळा भूल नको. नसबंदीचे ३,५०० आणि दाताचे ६०० वेगळे सांगितलेत. तारीख पुढच्या शनिवारची, सकाळी आठची. रात्रभर उपाशी ठेवायची नाही. किती तास आधी खाणं थांबवायचं ते आदल्या दिवशी फोन करून सांगणार आहेत.

टाके आत विरघळणारे घालतील का, हे मी आधीच विचारून घेतलं. हो म्हणाले. बाहेरच्या बाजूला लोंबणारा दोरा नसेल.